आमची गल्ली निळी झाली

३ मार्च, सकाळी.
ऐक गं बाई, उद्याची मी. तू लई इसराळू. काल चष्मा कपाळावर ठेवून त्याच चष्म्यापायी सुनेला चोर ठरवलंस. म्हणून हे. मला अक्षर येत न्हाई, पण नातीनं फोनमधी सोय करून दिली. मी बोलते, तो लिहितो, बटण दाबलं की मलाच वाचून दाखवतो. चहाडी करत न्हाई. शिवकन्येपरीस बरी सून.
संकल्प: गावाला एकच नवं नळकोंडाळं मिळणार हाय, ते आपल्या दारात आणायचं. गुडघे गेलेत, टँकरमागं पळणं होत न्हाई. वरच्या गल्लीतल्या केशरबाईच्या दारात तर मुळीच जाऊ द्यायचं न्हाई. माझ्या अंगदच्या लग्नात आमटीला मीठ न्हाई म्हणली होती. तवापासून अबोला.

५ मार्च.
पुण्याहून प्रियदर्शनी मॅडम आल्या. नळ कुठं बसवायचा ते मॉडेल ठरवणार. मला वाटलं, मॉडेल म्हंजी ती साडी नेसून ठुमकत चालणारी. तसं न्हाई. शाळेच्या फरशीवर खडूनं गाव काढलं, घराघराचा चौकोन, मधी बाणच बाण. मॅडम म्हणाल्या, गाव ही सिस्टीम असते, इकडं दोरा ओढला की तिकडं काहीतरी हलतं. मी म्हणलं, बाई, सून, जाऊ अन् नणंद एका चुलीवर नांदवल्यात मी, मला सिस्टीम शिकवू नका. हसल्या. डोकं वळखलं त्यांनी.

७ मार्च.
मीटिंग. घरात रोज जेवढं पाणी येतं, तेवढी ज्वारी आपल्या चौकोनात टाकायची. आमच्या गल्लीला आधीच कानमंत्र दिला होता, हात आखडू नका. जी म्हैस जास्त दूध देती तिलाच पेंड मिळती. मी पसाभर टाकली. शेजारच्या बंकटनं बघून दोन पसे. केशरबाईनं चार दाणे टाकले अन् पदर डोळ्याला लावला. येडी! वरच्या गल्लीची इज्जत घालवली.

९ मार्च.
लॅपटॉपात निकाल. आमची गल्ली निळीशार, वरची लालभडक. निळं म्हंजी पाणी, शेंबड्या पोराला कळतं. केशरबाई लाल, म्हंजी नापास. अंगद म्हणला, आई, निळं म्हंजी पाणी हायच, मग नळ कशापायी देतील? बीए झाल्यापासून त्याचं डोकं चालत न्हाई.

१४ मार्च.
दारात नळासाठी ओटा घातला. सांडपाण्यावर कढीपत्ता लावला. केशरबाई रस्त्यानं चालली होती. तिला ऐकू जाईल असं म्हणलं, पाण्याला येणाऱ्यांनी चपला बाहेर काढाव्यात.

२० मार्च.
मॅडम परत आल्या. म्हणाल्या, आजी, आकडा जास्त वाटतो, तुमचा रांजण तर कोरडा दिसतो. खरं सांगा, अजून बदलता येईल. केशरबाईनंच कान भरले असणार. मी म्हणलं, रांजण घासून ठेवलाय, आमी तर पाण्यात लोळतो. वर आणखी एक मूठ धरायला लावली. मॅडमनी मान खाली घालून टिपून घेतलं.

२ एप्रिल, दुपारी.
टँकर आला न्हाई. ग्रामसेवक म्हणला, तुमच्या गल्लीत पाणी उतू चाललंय असं कंप्युटरात दिसतं, खेप वर वळवली. मी घागर त्याच्या नाकापुढं उलटी केली. थेंब पडला न्हाई. म्हणला, आजी, घागर दाखवू नका, घागर डेटात न्हाई.
काळजी न्हाई. नळ यायच्या आधी टँकर बंद करतातच.

९ एप्रिल.
बंकट दारात येऊन वरडला, तुमच्या ज्वारीपायी आमच्या म्हशी तान्हेल्या. मी म्हणलं, दोन पसे कुणी टाकले रे? दोरा सगळ्यांनी ओढला. मी नुसतं टोक दाखवलं.

१८ एप्रिल.
नळकोंडाळं बसलं. केशरबाईच्या दारात.
आपल्या ओट्यावर बंकटचं कुत्रं झोपतं. कढीपत्ता वाळला.

१९ एप्रिल.
शिवकन्येला म्हणलं, घागर घेऊन जा. म्हणली, अबोला तुमचा, तुमीच जा. गेले. रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली तशी केशरबाई दारात आली. इतक्या वर्षांनी पहिला शब्द बोलली. म्हणली, चपला बाहेर काढ.
काढल्या. मग तिनंच घागर भरली, अन् माझ्या कमरेवर चढवून दिली.
शिवकन्ये, ऐकतीस का? उद्या घागरीबरोबर केशरबाईला चार धपाटे बांधून दे, अन् आमटीचा डबा. आमटीला मीठ बघ गं माय. दोनदा बघ.