आचलचा फ्रॉक

३ जानेवारी, जठारपेठ, अकोला
आज मूर्तिजापूरहून आली अन् कामावर लागली. घर मस्त हाय, गिझर हाय, मले वेगळी खोली! काम एकच, सत्यवतीबाईले सांभाळायचं. सारं विसरल्या बिचाऱ्या. पोटच्या पोराले, शेखरदादाले, विचारतात की हा कोण बाप्पा. जन्मभर फुलं विकली त्यायनं, म्हणून मी दादाले शेवंती अन् सुई-दोरा आणायले सांगितलं. डोकं विसरते, नाक नाई विसरत.
माही आचल मायजवळ ठेवली. सात वर्षाची हाय. तिचा न धुतलेला पिवळा फ्रॉक उशाशी घेतला. खोबरेल अन् पावडरचा वास येते त्याले. तेवढ्यावर झोप लागते.

७ जानेवारी
जमलं! शेवंती नाकाशी धरली, तर बाईच्या बोटांनी आपोआप हार ओवला. दादाले नावानं हाक मारली. एवढा मोठा माणूस, मोरीत जाऊन ढसाढसा रडला.

१२ जानेवारी
फुलांचा असर गेला. दोन दिवस बाईच्या पोटात घास नाई. मले पाहवलं नाई, आचलचा फ्रॉक दिला हातात. लेकराचा वास कोणत्याबी बाईले कळते. तिनं खोल वास घेतला, पोटभर जेवली. मंग म्हणे, आचलले वांगं आवडत नाई.
मी ह्या घरात आचलचं नाव कधीच काढलं नव्हतं.

१४ जानेवारी
बाई सांगून राहिली, आचल पायाळू जन्मली, डाव्या गुडघ्यावर व्रण हाय. मायले फोन करून विचारलं. सारं खरं हाय. मंग मले काहून आठवत नाई?

१६ जानेवारी
फ्रॉक मागितला. सोडत नाई. माह्या लेकीचा हाय म्हणे. कसाबसा ओढून वास घेतला — नुसतं कापड. दादा माह्या पाया पडला, माय सुधरली म्हणे. मी काय सांगू त्याले —

१८ जानेवारी
फोन आला. एक पोरगी रडत होती, आई कवा येशीन म्हणे. मी म्हटलं, बेटा, राँग नंबर.
आता मागची पानं वाचली. देवा, काय केलं मी. माही होती ती. माही —

१९ जानेवारी
बाईचे पाय धरले. मले माही लेक सांगा म्हटलं. तिनं केसातून हात फिरवला, सांगून राहिली — समोरचा दात पडला — हसताना तोंडावर हात ठेवते — मी लिहून राहिली — बाई नाव घेते तवा कानात येते अन् निघून जाते, मागच्या पानावर वाचलं तरी टिकत नाई — पुन्हा विचारलं — पुन्हा म्हणते — लिहून घेते, तिचं नाव हाय