वरच्या आवाजाचं गाठोडं

३ सप्टेंबर
झाला सुरू! अकराला डोळा लागला आणि बाराला वरचा कारखाना चालू. ठक्. मग काहीतरी फरफटतं. मग पुन्हा ठक्. नवजात बाळांच्या वॉर्डात रात्रभर उभी राहून आलेल्या बाईने दुपारी झोपायचं नाही तर कधी झोपायचं? वर नवीन भाडेकरू आल्यापासून हे रोजचंच झालंय. सुतारकाम करतात की कपाटं सरकवतात, देव जाणे.

शेवटी वर जाऊन बेल वाजवली. आवाज एकदम बंद! दार मात्र कोणी उघडेना. पुन्हा वाजवली. नाहीच. काय ही माणसं! खाली येऊन पाठ टेकते न टेकते तोच — ठक्.

४ सप्टेंबर
इमारतीचे सेक्रेटरी जिन्यात भेटले. "सिस्टर, नुसत्या तोंडी तक्रारीवर मी काय करणार? पुरावा द्या. रोजचं रेकॉर्डिंग करा." बरं. करते.

५ सप्टेंबर
आजपासून फोन उशाशी.

२५ सप्टेंबर
पहाटे दोन बाळांच्या मनगटाच्या पट्ट्या बदलत होते आणि एकाची पट्टी दुसऱ्याला बांधायला निघाले. बांधायच्या आधी लक्षात आलं. पण इन्चार्ज मागेच उभ्या होत्या. ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "झोप होत नाही का तुझी? पुन्हा असं झालं तर मला तुला या वॉर्डात ठेवता येणार नाही."

मला दुसरा वॉर्ड नको. मला ही बाळंच हवीत. घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले आणि रडून झाल्यावर असा काही संताप आला! आता ही सगळी रेकॉर्डिंग सेक्रेटरींच्या माथी मारल्याशिवाय गप्प बसणार नाही.

२६ सप्टेंबर
फायली एकेक करून पाठवायला घेतल्या. आठ-दहा गेल्या असतील, तेवढ्यात सेक्रेटरींचा फोन — "अहो सिस्टर, माझा फोन तुंबला! बायको विचारतेय, हे काय ठोकताय म्हणून. सगळं एकत्र बांधून पाठवा ना."

धाकट्या भावाला विचारलं. तो कम्प्युटर दुरुस्त करतो. "ताई, झिप कर. सोप्पंय." त्याला सगळंच सोप्पं असतं!

२७ सप्टेंबर
सोप्पं म्हणे! सगळी सकाळ गेली. फोनमधून लॅपटॉपवर, लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये, फोल्डरचं झिप. आणि एवढं करून आकार होता तेवढाच! भावावर उखडले. "दाबून लहान होतं म्हणालास ना?" तर म्हणतो, "ताई, फोनने तो आवाज आधीच दाबून ठेवलेला असतो. पिळलेलं फडकं अजून किती पिळणार? झिप म्हणजे नुसतं गाठोडं. काही सांडत नाही, हरवत नाही, एवढंच." हे आधी सांगायला काय तोंड दुखत होतं?

मेल गेलाच नाही. फाईल फार मोठी आहे, असं उत्तर आलं. वरच्यांना बरी कुठे कसली मर्यादा नाही!

३० सप्टेंबर
भाऊ येऊन बसला. प्रत्येक फाईलला नाव म्हणून तारीख दिली, गाठोड्याचे तीन तुकडे केले, तीन मेल पाठवले. एक प्रत पेन ड्राइव्हवरही घालून ठेवली. जाताना माझ्या डोळ्यांखाली बघून म्हणाला, "ताई, माझ्याकडे येऊन झोपत जा." त्याच्या एका खोलीत दोन लहान मुलं. तिथे कसली झोप!

३ ऑक्टोबर
"सिस्टर, तुमची फाईल खराब आहे." कसली खराब! तीनपैकी मधलाच तुकडा उघडायला बसले होते. म्हटलं, तिन्ही उतरवून घ्या, तरच उघडेल. तर म्हणाले, "तिन्ही? बाकीचे दोन सारखेच दिसले म्हणून मी पुसून टाकले."

मी जिन्यातच कपाळावर हात मारून घेतला. तिन्ही पुन्हा पाठवले.

५ ऑक्टोबर
आता पासवर्ड मागतंय! भावाला फोन. "हो ताई, मीच टाकला. सुरक्षित राहावं म्हणून." सुरक्षित! माझ्या छताची ठक्-ठक् चोरायला कोण टपून बसलंय? आणि पासवर्ड ठेवला काय, तर लहानपणी मला घरात ज्या नावाने चिडवायचे ते! ते नाव आज मला सेक्रेटरींना जिन्यात, मोठ्याने, दोनदा सांगावं लागलं. ते हसले नाहीत, पण मिशी हलली.

६ ऑक्टोबर
उघडलं एकदाचं! उद्या सकाळी वरच्या बाईंना बोलावून सगळं ऐकवणार आहेत. मलाही बोलावलंय. काय काय सुनवायचं ते मनात पक्कं करून ठेवलंय. सोडणार नाही.

७ ऑक्टोबर
पहिली फाईल लागली आणि वरच्या बाई तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. नवऱ्याला झटका आलाय, एक बाजू गेलीय. रोज दुपारी त्या त्याला वॉकर धरून चालवतात; त्याला तसंच उभं सोडून दार उघडायला येता येत नाही. नर्स असून मला माणसाचं पाऊल ओळखता आलं नाही! सेक्रेटरींनी मग शेवटची फाईल लावली. पहिलीत एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत माझे दोन उसासे ऐकू येतात. शेवटचीत एकाही उसाशाला जागा नाही. बाई म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात सुधारणा नाही, व्यायाम बंद करू. यात तर यांची पावलं भरभर पडताना ऐकू येतायत हो! मला द्याल का सगळ्या, तारखांसकट?"

दिल्या. म्हटलं, यांना पाचला चालवत जा, तोवर माझी झोप होते. झोपले — किती दिवसांनी! पाचला उठून फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि पलंगावर उभी राहिले, फोनचा हात थेट छताला लावून. आज ठोके मध्ये कुठेच थांबले नाहीत.