घरातली सोयरीक

अण्णा, आज तुमचा लेक माझ्या घरून चहा न पिता गेला. पोरीला सोबत घेऊन आला होता. टेकल्या टेकल्या म्हणाला, "आक्का, हिला तुझ्याच घरात द्यायची हाय, धाकट्यासाठी. आत्याच्या घरी पोरगी लय सुखात राहती." पोरगी लाजून हसली. तिच्या हनुवटीला तुमचीच खळी आहे. मलाही आहे, माझ्या दोन्ही मुलांनाही आहे. माझा जीव तिच्यात अडकलेलाच आहे, हो म्हणायला तोंड उघडलंच होतं.

मला आत्याच्या घरी देताना तुम्हीही असंच म्हणाला होतात, "आपलं रगत आपल्या घरात राहील." आणि गोठ्यात काय करत होतात? दोन-तीन वर्षं झाली की वळू बदलायचात, पार ताडकळसकडून दुसरा आणायचात. का म्हणून विचारलं, तर म्हणालात, "त्याच्याच कालवडी त्याच्यापुढं आल्या, की वासरं कमजोर निपजतेत." चांगलं ठाऊक होतं की तुम्हाला! गाईंच्या बाबतीत सुचलं ते लेकीच्या बाबतीत सुचलं नाही, याचा मला अजून राग येतो.

थोरला पाळण्यात होता, शेजारी पितळी परात पडली तरी तो दचकला नाही. परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. असा दोष एकाच नात्यातल्या कितीतरी जणांत दडून असतो, त्यांना स्वतःला काही होत नाही. पण आई आणि बाप दोघांकडून तोच मिळाला, की मूल बहिरं होतं. लांबच्या घराण्यात सोयरीक झाली, तर अशी गाठ क्वचितच पडते. खळीसारखंच हेही आपल्यात मागून चालत आलेलं. धाकटा त्यातून सुटला, एवढंच.

म्हणून मी भावाला नाही म्हणाले. "थोरल्यासारखं लेकरू हिच्या पदरात नको रे."

"माझ्या पोरीत खोट काढायलीस व्हय?" म्हणत तो उठलाच.

तेवढ्यात थोरला गोठ्यातून आला. भरलेले कप बघून त्याने हातांनी विचारलं, मामा का गेला? त्याच्याशी बोलता यावं म्हणून मी हातांची भाषा शिकले, अण्णा. त्याच हातांनी आता काय सांगू? तुझ्यासारखं दुसरं कुणी जन्मू नये म्हणून? मी सांगितलं, चहात साखर नव्हती, घरातली संपली.

तो लगेच पिशवी घेऊन दुकानाकडे निघाला. साखरेचा भरलेला डबा मी माळ्यावर सारून ठेवलाय. हा कागदही त्याच्याखालीच राहू दे. थोरल्याला वाचता येतं.