पार्वतीबाईंना माझं गाणं आवडलं नाही

मंगळवार, ऑगस्ट १९८९. भिवंडी

पार्वतीबाई आज बोलल्या! घरी येऊन पोटभर जेवले, तरी हसू थांबत नाहीये.

बाई अंबाडीकडच्या एका गावातल्या. परवा भाताच्या निंदणीत नाग चावला. लस दिली, पण श्वास बंद पडत चालला होता. श्वास देणारं यंत्र आमच्या रुग्णालयात नाही. म्हणून काल दिवसभर मी आणि मीना, आम्ही दोघी इंटर्न, आळीपाळीने हाताने पिशवी दाबून घशात घातलेल्या नळीतून त्यांच्या छातीत हवा भरत होतो. थांबलो तर बाई गेल्या. हे सारखं मनात यायचं. मग मी गायला लागले. सिनेमातली, बालवाडीतली, सुचतील ती गाणी, मोठ्याने आणि बेसूर. मीनाही हसत हसत सूर धरायची. हात चालत राहायचे. वेडेपणाच तो, पण दुसरं काय करणार होतो?

बाई डोळेही उघडत नव्हत्या. ऐकत असतील, हे डोक्यातच आलं नाही.

रात्री बाईंचा श्वास आपोआप चालू झाला, आणि आज सकाळी घशातली नळी काढली. दुपारी नाडी बघताना मी सवयीने गुणगुणले, तर घोगरा आवाज आला, "डाक्टरीनबाय, तू नको गाऊ. तुला न्हाय येत. ती दुसरी बाय बरी गाते."

म्हणजे सगळं ऐकलं? बालवाडीतली गाणीसुद्धा?

मी व्हरांड्यात जाऊन रडले. मीना धावत आली, चेहरा पांढराफटक. "गेल्या?"

"नाही गं," मी म्हटलं, "मला गप्प बसायला सांगतायत."