आधी साखर, मग भांडण

ताई,

तू लेकीच्या बाळंतपणाला गेलीस आणि दुकान माझ्या गळ्यात टाकलंस. शिवायच्या कपड्यांचा ढीग माझ्याकडे, तू खुशाल नात मांडीवर घेऊन बसलीस. पहिल्यापासून आपमतलबी आहेस तू.

थांब. वरचं अक्षर बघ, नुसते कोंबडीचे पाय. हात कापत होता, घाम फुटला होता आणि शर्टाची डावी बाही मी उजवीकडे जोडून ठेवली होती. बोट टोचून पाहिलं तर साखर पार खाली. इन्सुलिन घेतलं आणि कामाच्या नादात जेवायचंच राहिलं.

तू असतीस तर माझा आवाज चढताच ओळखलं असतंस. गिऱ्हाईक समोर असलं तरी साखरेचं पाणी हातात द्यायचीस. "आधी हे पी, मग भांड." थोड्या वेळाने विचारायचीस, "हं, आता बोल, काय म्हणत होतीस?" तोवर माझा राग उतरलेला असायचा आणि मी पुन्हा शिवायला बसायचे.

आज पाणी मीच केलं. प्यायले, जरा थांबून पुन्हा बोट टोचलं, आकडा वर आला तशी जेवले. बाहीही उसवली.

हे पत्र काही टाकत नाही. वाचलंस तर बाळाला तसंच टाकून निघशील, तुझा काय भरवसा.

साखर वर आली, राग उतरला. तरी तू यावंस असं अजून वाटतंय. म्हणजे तेवढं काही साखरेमुळे नव्हतं.

तुझी भांडकुदळ,
धाकटी