शेंगदाण्याच्या लाडवांवरचा होकार

प्रिय सिंधु,

देगलूरहून उदगीरला नीट पोचलो. फोन मुद्दाम केला नाही, कारण फोनवर मामा-मामी काहीही म्हणाले तरी मी हो हो करत सुटतो. आपल्या सोयरिकीलाही मी होकार देऊनच आलोय, आणि मामांनी सुपारी फोडायचा दिवससुद्धा धरला. तो ठेवायचा की मोडायचा, हे तुझ्यावर आहे. म्हणून सविस्तर लिहितोय.

इथं पाण्याची बोंब आहे. लातूरला रेल्वेनं पाणी येतंय, आमच्याकडे टँकर, तोही त्याच्या मर्जीनं. त्यात उदगीर जिल्हा होणार अशी हवा. दुकानदार पाट्या रंगवायला आणतात आणि खाली ‘जिल्हा उदगीर’ लिहा म्हणतात. बाजारात तुरी! आमचे मालक चंद्रप्पा तेवढी जागा कोरी सोडायला लावतात.

या पाट्यांवरूनच मला माझं डोकं कळतं. माझी औषधाची पावडर वेळेवर घेतली की अक्षरं ओळीत बसतात. चुकली की शब्द संपण्याआधी पाटी संपते, आणि मी ब्रश धरून नुसता बघत राहतो. हैदराबादच्या डॉक्टरांनी आजार शोधला तेव्हा मी चांगला घोडा झालो होतो. डाळ, दूध, शेंगदाणे यांतलं एक द्रव्य माझ्या शरीराला मोडता येत नाही. ते साचतं आणि डोक्यावर झापड येते. हे जन्मापासूनचंच. शाळेत त्याला मठ्ठपणा म्हणायचे आणि त्यावर औषध म्हणजे छडी. आता ती घाण वासाची पावडर आणि साबुदाणा, एवढ्यावर मी शहाणा आहे.

तुमच्याकडे या साबुदाण्यानंच घात केला. मामीला वाटलं, भाचा कडक व्रताचा. “लेकरा, उपासाला दूध चालतंय की, घे,” म्हणत दोन्ही वेळा पेला भरून दूध, वर शेंगदाण्याचे लाडू. नको म्हटलं की तिचे डोळे भरायचे. शेजारच्या चतुराबाई तर माझ्या पाया पडून गेल्या. पावडर कालवायला पाणी मागायची लाज वाटली, म्हणून ती घेतलीच नाही. तिकडंही टंचाईच, तू रोज उन्हात घागरीसाठी रांगेत उभी राहायचीस. आठवडाभरात झापड आली. मामांनी विचारलं, मी मान डोलावली. त्या दिवशी त्यांनी म्हशीशी सोयरीक जुळवली असती तरी डोलावली असती. रागावू नकोस.

इथं पावडर पुन्हा सुरू केली, झापड उतरली आणि डॉक्टरांचं बोलणं आठवलं. माझे वडील म्हणजे आईचे सख्खे मामा. दोघांत लपलेला दोष मिळून माझा आजार झाला. आईतला दोष तिच्या भावात, म्हणजे मामांतही असू शकतो, आणि मामांकडून तुझ्यात. तुला काही होणार नाही, पण आपल्या लेकराला माझ्यासारखं होऊ शकेल. पत्र लिहिलं ते यासाठी, की सुपारी फुटण्याआधी हैदराबादला जाऊन रक्त तपासून घे. दोष निघाला तर सरळ नाही म्हण. मामांची समजूत मी घालतो. नाही निघाला तर मला पुन्हा एकदा विचारा. तू मला आवडतेस. झापडीतही आवडत होतीस, पण एकदा शुद्धीत हो म्हणायची माझी फार इच्छा आहे.

तुझाच, आणि आज पुरता भानावर,
मन्मथ