चव बघणारी

३ जून

घोड्या घेऊन डोंगरावरच्या उन्हाळी कुरणावर चढून आलो. तंबू त्याच ओढ्याकाठी. जागा वन्संनी मुद्दाम निवडली. "तुला विसर पडायला नको," म्हणाल्या. पडतोय कशाला!

तीन वर्षांपूर्वी इथंच मी म्हणायचे, "एकच वाटी. दूधच तर आहे." कुमिस — घोडीचं आंबवलेलं दूध. पोरंटोरं पितात, आजाऱ्याला देतात, दारू कुणी म्हणत नाही. नवरा नुकताच गेला होता. वाटीनं बरं वाटायचं. एकीच्या चार झाल्या, मग व्होडका. एका दुपारी अशी पडले की आठ वर्षांची अक्मराल शिंगरू शोधायला गेली ते कळलंच नाही. त्यात जूनमधलं बर्फ. दुसऱ्या दिवशी सापडली. डाव्या पायाची दोन बोटं गेली. वन्सं तिला उचलून घेऊन गेल्या. बरोबरच केलं.

आता परत दिलीय, पण बोलीवर. घोड्या त्यांच्या, धारा मी काढायच्या, कुमिस मी करायचं, आणि चाळीस दिवस थेंबाला शिवायचं नाही. जमलं तर पोरगी माझी. नाही तर कायमची त्यांची.

चाळीसच. प्रभूही रानात चाळीसच दिवस होता.

५ जून

कातडी बुधल्याला धुरी दिली, विरजण घातलं, रवी फिरवली. वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं. प्रार्थना केली. पाणी सुटायचं थांबलं नाही.

रोज चाखावं तर लागतंच. ताजं दूध कधी घालायचं ते जिभेलाच कळतं. वन्सं हसत होत्या, "न चाखता कुमिस? तुझा येशू येऊन चाखणार का गं?"

अक्मराल म्हणाली, "आई, मी सांगू चव?"

देवानं वाट काढली. गुडघे टेकून आभार मानले.

१२ जून

पोरीची जीभ तयार झाली. "आज घशाला चावतं, आई. थोडं दूध घाल." अगदी बरोबर! रस्त्यावर कुमिस घ्यायला थांबणारी गिऱ्हाइकं वाखाणतात. आणि ती हसते — माझ्याशी. तीन वर्षांत हसली नव्हती.

प्रार्थनाघरातल्या दामिराताईला सांगायला हवं. मी गटारात होते तेव्हा हात तिनंच दिला. तिचं एक वाक्य मनातून जात नाही — "आपल्याला ठेच लागली तो दगड उचलून दुसऱ्याच्या वाटेत टाकू नये." आज का आठवलं कोण जाणे.

२० जून

तंबूत साप. मी काठी उचलली तर वन्संनी हात धरला. आमच्याकडे घरात आलेल्या सापाला मारत नाहीत, डोक्यावर पांढरं, म्हणजे दूध नाहीतर कुमिस, ओतून वाटेला लावतात. अक्मराल धावत वाटी घेऊन आली. अर्धीच होती. तिचे ओठ पांढरे.

साप गेला, पण सावकाश. मला आवडलं नाही.

निघताना वन्संनी माझी हनुवटी धरली. "तोंड उघड." हुंगलं. काही नाही. मग अक्मरालकडे बघत राहिल्या.

२९ जून

सव्वीस दिवस. थेंब नाही.

४ जुलै

कुबात आला, पूर्वी मला व्होडका आणून देणारा ट्रकवाला. "वहिनी, थंडी आहे, जुनी ओळख आहे," म्हणत बाटली गवतात ठेवली. नको म्हटलं. "कोण बघतंय?" म्हणाला. मी घोडीच्या मानेला मिठी मारून प्रार्थना म्हणत राहिले, तीच तीच. बाटली उचलून गेला. ट्रक वळणाआड गेला तेव्हाच मान सोडली. पण जिंकले आज.

अक्मरालला सांगायला आत गेले तर ती गाढ झोपलेली. भर दुपारी. गाल लाल. हलवलं तरी उठेना. वाढीचं वय. गोधडी घातली.

७ जुलै

बुधला कमी भरतोय. शिवण गळत असेल म्हणून सगळी चाचपली. कोरडी आहे.

१० जुलै

शिंगरू सुटलं. अक्मरालला राखायला सांगितलं होतं. हाका मारल्या — ओ नाही. तीन वर्षांपूर्वीचं आठवलं, धावत सुटले. पोरगी तंबूमागं सापडली, भिंतीला टेकून, मांडीवर वाटी. चार दिवसांचं कुमिस, सगळ्यात कडक. डोळे उघडेनात.

"एकच वाटी, आई," म्हणाली. "दूधच तर आहे."

११ जुलै

बुधला ओढ्याकाठी उपडा केला. पांढरं जमिनीवर सांडणं आमच्यात मोठं पाप. सांडलं. अक्मराल रडली, मग मला ढकललं. मग म्हणाली, "तूच तर रोज दिलंस."

मीच दिलं. माझ्या तोंडाला लागू नये म्हणून तिच्या तोंडाला लावलं, आणि वर देवाचे आभार मानले. छत्तीस वर्षांची घोडी मी, अक्कल कधी यायची!

१२ जुलै

अक्मराल कालपासून चिडलेली, हात थरथरतात. मी पाणी पाजते. सांगितलं तर वन्सं पोरगी परत नेतील. गप्प बसले तर कुणाला कळणार नाही. कुमिस तर सगळ्यांचीच पोरं पितात. वन्सं फक्त माझं तोंड हुंगतात.

दिवसभर हेच डोक्यात. बाटली बरी होती याच्यापेक्षा. ती समोर तरी दिसत होती.

१३ जुलै

वन्सं आल्या. माझं तोंड हुंगलं. "चाळीस झाले. शब्द पाळलास. पोरगी तुझी."

मी म्हटलं, "वन्सं, बसा. माझं नाही, तिचं सांगायचंय."